यंत्र पालटले की प्रोग्रॅम का अडतो?

वसई तालुक्यात, नालासोपारा स्टेशनाच्या पूर्वेला, आचोळे म्हणून गाव आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने; आता तळ्याच्या भोवती इमारतीच इमारती उभ्या आहेत. मी तिथे राहतो आणि कॉलेजात संगणकाचा विषय शिकवतो. आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते एका कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नावर. एका संगणकावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर नेला की अडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे अडत नाही, पण उत्तर चुकीचे देतो. असे का होते आणि त्यावर इलाज काय? प्रश्न कोरडा आहे खरा; पण त्यापायी एका मुलीवर नापासाचा शिक्का बसायची वेळ आली होती. म्हणून तो सांगावासा वाटतो.

२०१९ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारची दुपार होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती जवळच्याच एका गावात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. हातात पेनड्राइव्ह, चेहरा उतरलेला.

"सर, शाळेचा जुना कॉम्प्युटर बसला. नवा आलाय, पण त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. तुमचा निकालाचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालतच नाही. १ मेला निकाल लावायचाय."

'तुमचा प्रोग्रॅम' हे तिचे म्हणणे खरे होते. २००६ साली मीच तो त्या शाळेसाठी सी या भाषेत लिहून दिला होता. काम साधे होते. एका फाइलीत एकेका मुलाची एकेक ओळ: हजेरी क्रमांक, नाव, आणि सहा विषयांचे गुण, मध्ये स्वल्पविराम. मूल आजारी पडून एखाद्या पेपरला बसले नसेल, तर त्या जागी गुणांऐवजी 'एबी' ही दोन इंग्रजी अक्षरे. प्रोग्रॅमने बेरीज करायची, टक्के काढायचे, आणि 'एबी' दिसले तर त्या मुलापुढे 'फेरपरीक्षा' असा शेरा छापायचा. बारा-तेरा वर्षे हे काम सुरळीत चालले होते. त्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "बस. चहा होईपर्यंत करून देतो."

त्या दिवशी चहा झाला, रात्रीचे जेवणही झाले, तरी काम संपले नाही.

पहिली अडचण दारातच आली. नव्या यंत्राने प्रोग्रॅम आत घ्यायलाच नकार दिला. म्हणाले, 'कोनियो डॉट एच' नावाची फाइल माझ्याकडे नाही. आता ही फाइल म्हणजे काय, हे समजण्यासाठी सी भाषेची घडण थोडी पाहावी लागेल.

सी ही भाषा फार लहान आहे. १९८९ साली अमेरिकेत तिचे जे प्रमाण ठरले, त्यात भाषेचे स्वतःचे राखीव शब्द अवघे ३२. गंमत अशी की, पडद्यावर एक अक्षर छापायचे किंवा फाइल उघडायची म्हटले, तर त्यासाठी या ३२ शब्दांत एकही शब्द नाही. ही सगळी कामे तयार फंक्शनांकडून करवून घ्यायची असतात. फंक्शन म्हणजे ठराविक काम करणारा, नाव घेऊन बोलावता येणारा तयार तुकडा. अशा तुकड्यांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा दहापैकी आठ कामे आपण या लायब्ररीवर सोपवतो. आणि नेमकी हीच लायब्ररी यंत्रागणिक बदलते. लिनक्सची निराळी, विंडोजची निराळी, आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनची आणखी निराळी.

तरी त्यातही तीन थर आहेत, आणि ते शिक्षकांनी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावेत असे मला वाटते. सर्वांत खालचा थर खुद्द सी भाषेच्या प्रमाणाचा. त्यातील फंक्शने प्रत्येक साध्या संगणकावर मिळावीत अशी अपेक्षा असते. दुसरा थर पॉझिक्स नावाच्या कराराचा. हा करार १९८८ साली झाला. युनिक्सच्या घराण्यातल्या कार्यप्रणाली, म्हणजे लिनक्स, मॅक वगैरे, तो बऱ्याच अंशी पाळतात. विंडोज त्यातले थोडेच पाळते. आणि तिसरा थर ज्याच्या त्याच्या घरचा. तो त्या घराबाहेर कुणी ओळखीत नाही.

माझे 'कोनियो' या तिसऱ्या थरातले. १९८७ साली बोरलँड या कंपनीने डॉससाठी टर्बो सी काढले. ते स्वस्त होते, झटपट चालणारे होते, आणि आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत ते इतके रुजले की, मुलांना टर्बो सी म्हणजेच सी असे वाटू लागले. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत पडदा पुसायचा, आणि शेवटच्या ओळीत कळ दाबेपर्यंत थांबायचे, ही दोन फंक्शने मंगलाचरण आणि फलश्रुतीसारखी प्रत्येक वहीत लिहिलेली असत. ती दोन्ही सी भाषेची नव्हेत. डॉसच्या घरची आहेत. मीही तशीच शिकलो आणि पुढे तशीच शिकवली. त्या दुपारी त्या दोन ओळी काढून टाकताना मनात आले की, इतक्या वर्षांत किती मुलांना मी घरची बोली प्रमाणभाषा म्हणून शिकवली!

असो. दुसरी अडचण फाइलीच्या नावाची. प्रोग्रॅममध्ये नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत होते, पेनड्राइव्हवर लहान अक्षरांत. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करीत नाही, लिनक्स करते. शिवाय फोल्डरांची नावे जोडताना मी विंडोजची डावीकडे कललेली रेघ वापरली होती. लिनक्सला उजवीकडे कललेली लागते. फाइल उघडली नाही, आणि ती उघडली की नाही हे मी प्रोग्रॅममध्ये विचारलेच नव्हते. म्हणून तो कोसळला. हेही दुरुस्त केले. प्रोग्रॅम चालला. निकालाची यादी पडद्यावर आली. बेरजा बरोबर, टक्के बरोबर. मी सुस्कारा सोडला.

शिक्षिका मात्र यादी वाचत होती. एका नावावर तिचे बोट थांबले.

"सर, ही नापास कशी? ही तर टायफॉइडने दवाखान्यात होती. शेवटच्या पेपरला बसलीच नाही. हिच्यापुढे फेरपरीक्षा यायला हवं."

यादीत त्या मुलीच्या शेवटच्या विषयाला शून्य गुण होते आणि पुढे 'नापास'. बाकी साऱ्या वर्गाचा निकाल तंतोतंत. फाइल उघडून पाहिली, तर तिच्या ओळीत शेवटी 'एबी' स्पष्ट दिसत होते. डोळ्यांना दिसते ते यंत्राला का दिसू नये? शेवटी मी फाइलीतली प्रत्येक खूण आकड्यांत छापून काढली, तेव्हा चोर सापडला. 'एबी'च्या पुढे १३ हा आकडा होता.

ही १३ची भानगड काय? जुने टंकलेखनयंत्र ज्यांनी वापरले आहे त्यांना ती लगेच कळेल. ओळ संपली की दोन हालचाली होत: कागदाची गाडी पुन्हा ओळीच्या आरंभाला आणायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. संगणकात पहिलीची खूण १३ आणि दुसरीची १०. डॉसने आणि नंतर विंडोजने ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा लिहिण्याची रीत ठेवली. युनिक्सने आणि लिनक्सने एकटी १० पुरेशी मानली. विंडोजवर साधी मजकुराची फाइल वाचताना लायब्ररी ती १३ची खूण गुपचूप गाळून टाकते. तुम्हाला कळतही नाही. लिनक्सची लायब्ररी गाळत नाही. फाइलीत जे आहे ते जसेच्या तसे हातात देते. फाइल विंडोजवर तयार झालेली, वाचली लिनक्सवर. म्हणून प्रोग्रॅमच्या हातात 'एबी' न येता 'एबी आणि १३' आले. 'हे एबी आहे काय?' या प्रश्नाला यंत्राने प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर दिले. मग माझ्या प्रोग्रॅमने त्या मजकुराचा आकडा करायला सांगितला. हे काम करणारे 'ए-टू-आय' नावाचे जुने फंक्शन असे आहे की, आकडा सापडला नाही तर ते तक्रार करीत नाही; मुकाट्याने शून्य देते. आजारी मुलगी शून्य गुण मिळवून नापास झाली ती अशी. ज्यांच्या ओळीच्या शेवटी ६७, ७२ असे आकडे होते त्यांना त्या १३चा उपसर्ग झाला नाही, कारण आकडा संपला की हे फंक्शन पुढचे पाहतच नाही.

श्रोतेहो, प्रोग्रॅम अडला तर मनुष्य सावध होतो. तो न अडता एकाच ओळीत चुकतो, तेव्हा खरे भय असते. त्या दिवशी ती मुलगी वाचली, कारण यादी वाचणाऱ्या बाईंना आपल्या वर्गातली मुले ठाऊक होती. प्रत्येक यादीला अशी बाई लाभेलच असे नाही.

आता या दुखण्याचे मूळ पाहू. मूळ असे की, नाव एक आणि माप निराळे. आपल्याकडे दशमान पद्धत येण्यापूर्वी शेर हे वजन सगळीकडे होते. पण मुंबईचा शेर वेगळा आणि बंगालचा शेर वेगळा. 'एक शेर' एवढाच शब्द सौद्यात लिहिला तर भांडण ठरलेलेच. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला, आणि किलो सगळीकडे किलो झाला.

संगणकातले असे शेर किती सांगू? वानगीदाखल दोन घ्या. थोडा वेळ थांबण्यासाठी पॉझिक्समध्ये 'स्लीप' हे फंक्शन आहे. त्याला १ सांगितले तर ते एक सेकंद थांबते. विंडोजमध्येही 'स्लीप' आहे, पहिले अक्षर तेवढे मोठे. त्याला १ सांगितले तर ते सेकंदाचा हजारावा भाग थांबते. कुणी नुसते नाव बदलून काम भागवले, तर एक मिनिट थांबायचा पंप मिनिटाच्या हजाराव्या भागात पुन्हा सुरू व्हायचा!

दुसरे उदाहरण टक्क्यांचे. एका मुलाला ६०० पैकी ४५० गुण आहेत. शंभराने गुणून सहाशेने भागले की ७५ टक्के. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला १६ बिटांची जागा असते. तिच्यात ३२,७६७पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ४५० गुणिले १०० म्हणजे ४५,०००. मावत नाही म्हणून मापाचा काटा उलट फिरतो, उणे २०,५३६ होतात, आणि उत्तर येते उणे ३४ टक्के. हाच हिशेब आजच्या लिनक्सवर केला तर बरोबर ७५ येतात, कारण तिथे त्याच पूर्णांकाला ३२ बिटांची जागा आहे. म्हणजे नवे यंत्र दर वेळी चुकते असे नाही. कधी कधी नव्यावर बरोबर ठरलेला प्रोग्रॅम जुन्यावर चुकतो. २००६ साली मला हे ठाऊक होते, म्हणून मी मोठ्या जागेचा पूर्णांक वापरला होता. १३ची गोष्ट तेवढी ठाऊक नव्हती.

हा त्रास आजचा नाही. सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२च्या सुमारास घडवली. त्याच सुमारास त्यांचे सहकारी माईक लेस्क यांनी वाचण्या-छापण्याच्या फंक्शनांचा एक संच लिहिला. कुठल्याही यंत्रावर नेता यावा, हाच त्याचा हेतू होता. आज प्रत्येक सी प्रोग्रॅमच्या माथ्यावर 'एस-टी-डी-आय-ओ डॉट एच' ही ओळ असते, तिचा उगम त्या संचात आहे. पुढे युनिक्सच एका यंत्रावरून दुसऱ्या वेगळ्या धाटणीच्या यंत्रावर हलवण्याचा प्रयोग झाला, आणि भाषेत कुठे कुठे यंत्राची माती चिकटली आहे ते दिसून आले. मग १९८९चे प्रमाण, त्यानंतर १९९९, २०११ आणि अगदी अलीकडे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेली सुधारित प्रमाणे. पण प्रमाण हळू चालते. मजकूर सुरक्षितपणे उतरवून घेणारे 'एस-टी-आर-एल-सी-पी-वाय' हे फंक्शन ओपन बीएसडी या कार्यप्रणालीत १९९८ साली आले. लिनक्सच्या नेहमीच्या लायब्ररीत ते यायला २०२३ साल उजाडले. मधली पंचवीस वर्षे लोकांनी काय केले? ज्याने त्याने आपल्या प्रोग्रॅमसोबत आपले स्वतःचे बांधून नेले. प्रवासाला निघताना शिदोरी न्यावी तसे.

आता इलाज. तो सांगण्यासाठी मी आपल्याला आमच्या स्टेशनाच्या पश्चिमेला, सोपारा गावात नेतो. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली वसईजवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे लेख फक्त इथेच नाहीत. हाच मजकूर सौराष्ट्रात गिरनारला आहे, ओरिसात धौलीला आहे, पार वायव्येला शाहबाजगढीला आहे. पण शब्दशः तोच नाही. गिरनारला 'राजा' आहे, धौलीला त्याचाच उच्चार 'लाजा' आहे. सोपाऱ्याला आणि गिरनारला लिपी ब्राह्मी. शाहबाजगढीला खरोष्ठी, कारण तिथले लोक तीच वाचत. कंदाहारला तर ग्रीक भाषेत कोरले आहे. आणि कलिंगात, जिथे युद्ध झाले होते, तिथे अकरावा, बारावा व तेरावा हे लेख गाळून त्यांच्या जागी दोन निराळे लेख घातले आहेत.

या व्यवस्थेत आपल्या कामाची गोष्ट आहे. सांगणे एका जागी ठरले. बोली, लिपी आणि स्थानिक फेरफार ज्या त्या ठिकाणी झाले. पाटलीपुत्रातल्या मूळ आज्ञेतच 'गिरनारला असे म्हणा, धौलीला तसे म्हणा' अशी खिचडी केली असती, तर तो लेख कुणालाच नीट वाचता आला नसता.

प्रोग्रॅमचेही असेच करावे. मुख्य प्रोग्रॅमात फक्त आपले सांगणे ठेवावे: गुण वाच, बेरीज कर, निकाल छाप. जिथे जिथे यंत्राच्या घरच्या फंक्शनाची गरज पडेल, तिथे ते थेट न बोलावता आपले स्वतःचे एक नाव ठेवावे. समजा, 'थांबा' नावाचे आपले फंक्शन, मोजमाप सेकंदांत. मग एका वेगळ्या फाइलीत, तिला मी माझ्या वर्गात 'सेतू' म्हणतो, त्या 'थांबा'चा अर्थ लिहावा: यंत्र विंडोज असेल तर सेकंदांना हजाराने गुणून विंडोजच्या स्लीपला दे, नसेल तर तसेच पॉझिक्सच्या स्लीपला दे. 'असेल तर हे, नसेल तर ते' असे सांगण्याची सोय सी भाषेत आहेच. फक्त ती सोय त्या एका फाइलीत कोंडून ठेवावी. प्रोग्रॅमभर पसरली की शेतातल्या हरळीसारखी. उपटून निघत नाही. उद्या तिसरे यंत्र आले, तर फक्त सेतूची फाइल उघडायची. मुख्य प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, यंत्राचे नाव विचारण्यापेक्षा गुण विचारावा. 'हे लिनक्स आहे का?' यापेक्षा 'इथे अमुक फंक्शन आहे का?' हा प्रश्न बरा. कारण काल ज्या लिनक्समध्ये ते नव्हते, त्यात आज असू शकते. अशी चाचपणी आपोआप करणारी ऑटोकॉन्फ, सीमेक यांसारखी साधने फुकट मिळतात. तिसरी गोष्ट, संख्येला किती जागा हवी ते नक्की सांगावे. १९९९च्या प्रमाणाने '३२ बिटांचा पूर्णांक', '६४ बिटांचा पूर्णांक' अशी मापे नावासकट दिली आहेत. नुसत्या 'लाँग' या नावावर विसंबू नये: आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा आहे आणि तशाच विंडोजवर ३२ बिटांचा. आणि चौथी गोष्ट, प्रत्येक फंक्शन परत काय सांगते ते ऐकावे. फाइल उघडली का? आकडा सापडला का? 'ए-टू-आय'ऐवजी 'एस-टी-आर-टू-एल' वापरले, तर आकडा कुठे संपला हेही ते सांगते. ते मी वापरले असते, तर त्या मुलीच्या ओळीवर प्रोग्रॅम थांबून म्हणाला असता: हा आकडा नाही, बघा बुवा.

पुढच्या वर्षी शाळेने नावे आणि गावे मराठीत हवीत असे म्हटले. तेव्हा आणखी एक धडा मिळाला. आमच्याच गावाचे नाव घ्या: आचोळे. डोळ्यांना अक्षरे तीन: आ, चो, ळे. युनिकोडच्या हिशेबाने खुणा पाच. कारण च आणि त्याचा ओकार वेगळे, ळ आणि त्याची मात्रा वेगळी. आणि आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीने साठवले की प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. लांबी मोजणारे सीचे फंक्शन बाइट मोजते, म्हणून ते पंधरा म्हणते. गावाच्या नावाला मी दहा बाइटांची जागा ठेवली होती. इंग्रजी स्पेलिंगला ती पुरत असे. मराठीत 'आचो' छापले गेले आणि पुढे ळच्या एक-तृतीयांशाचा चौकोन! रकानेही वेडेवाकडे झाले, कारण 'वीस जागांत छाप' म्हटले की छापणारे फंक्शनही बाइटच मोजते. त्यात भर म्हणजे लायब्ररीत रुंद अक्षरांसाठी जो वेगळा प्रकार आहे, तो विंडोजवर दोन बाइटांचा आणि लिनक्सवर चार बाइटांचा. म्हणून मजकूर फाइलीत यूटीएफ-८मध्येच ठेवावा, जागा सढळ ठेवावी, आणि कापायचेच झाले तर अक्षराच्या मध्ये सुरी घालू नये. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा धडा उशिरा मिळतो. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी. त्या अर्थी आपण नशीबवान आहोत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी दोन शब्द. आपल्या गावात दोन तऱ्हेची यंत्रे कुठून आणावीत, असे आपण म्हणाल. शाळेत विंडोजचा एखादा संगणक असतो, आणि मुलांच्या घरी निदान एक अँड्रॉइड फोन असतो. त्या फोनवर टर्मक्स नावाची सोय फुकट मिळते. तिच्यात सीचा कंपायलर बसतो. झाली दोन यंत्रे! त्यांवर एकच प्रोग्रॅम चालवून पाहा. फाइलीतले एकेक अक्षर वाचून ते 'कॅर' या लहान जागेत ठेवणारा आणि फाइल संपल्याची खूण शोधणारा प्रोग्रॅम मुले हटकून लिहितात. संगणकावर तो बरोबर थांबतो. पुष्कळदा फोनवर थांबतच नाही. कारण फाइल संपल्याची खूण उणे एक असते, आणि फोनमधल्या प्रोसेसरवर 'कॅर'मध्ये उणे संख्या बहुधा धरत नाहीत. ती खूण पूर्णांकाच्या जागेतच घ्यावी, असे प्रमाण सांगते; पण मुलाच्या ते ध्यानात राहील ते फोन थांबला नाही तेव्हाच. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सीचे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि ते टर्बो सीवर नसून लिनक्सवरच्या कंपायलरवर आहेत. त्यांचाही उपयोग करावा.

आणि वर्गात नवे फंक्शन फळ्यावर लिहाल, तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे कुणाचे? भाषेच्या प्रमाणाचे, पॉझिक्स कराराचे, की या एका घरचे? घरचे असेल तर वापरू नका असे मी म्हणत नाही. घरची बोली गोडच असते. आमच्या वसईत सामवेदी बोलतात, वाडवळी बोलतात, त्यात काय वाईट आहे? पण बाजाराला निघताना कोणती बोली कुठवर चालते ते ठाऊक असावे, इतकेच.

त्या रात्री आम्ही यादी पुन्हा छापली. मुलीच्या नावापुढे 'फेरपरीक्षा' आले. शिक्षिकेने कागदांची घडी केली, चपला घालता घालता म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी पुन्हा यंत्र बदललं तर?"

"तर तू यादी वाचशीलच," मी म्हणालो, "आणि मी सेतूची फाइल वेगळी करून ठेवतो."

ती मी त्याच आठवड्यात वेगळी केली. निकाल वेळेवर लागला. त्यानंतर माझ्या वर्गात पडदा पुसण्याची पहिली ओळ कुणी लिहीत नाही.